माहेरचा पत्ता

नाशिक,
२१ सप्टेंबर २००४

ती. आत्या,

नमस्कार. वाकून करत नाही, कारण मागच्या खेपेला वाकले तेव्हा तूच म्हणालीस, "ऊठ बाई, कॉम्प्युटरपुढं बसून आधीच कुबड आलंय, त्यात आणखी भर नको."

फोन न करता पत्र लिहितेय याचं कारण तुझा फोनच. तो बैठकीत, खिडकीशेजारी. वाजला की मामांपासून शेजारच्या शकुबाईपर्यंत सगळे कान टवकारतात. मला जे लिहायचंय ते बैठकीत बोलण्यासारखं नाही.

माझी नोकरी तुला अजून नीट कळलेली नाही. दिवाळीत तू सगळ्यांना सांगत होतीस, "आमची उज्वला एड्सच्या हापिसात ठिपके काढते." मी तेव्हा रुसले, पण खरं सांगायचं तर मी तेच करते. सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांचं रक्त एचआयव्हीसाठी तपासतात. त्याचे आकडे आमच्या संस्थेकडे येतात. नावं येत नाहीत, फक्त वय, गाव आणि महिना. त्यावरून मी जिल्ह्याचा नकाशा करते आणि जिथे लागण जास्त दिसते तिथे लाल ठिपका देते. आमच्याकडे माणसं मोजकी आणि गाडी एकच. सगळा जिल्हा पालथा घालत बसण्यापेक्षा जिथे आग आहे तिथे आधी पाणी न्यावं, एवढाच हेतू.

तर आत्या, या वर्षी लाल ठिपका सायखेड्यावर आलाय.

मी दोनदा तपासून पाहिलं. तुमच्याकडे ना मोठा बाजार, ना लॉज, ना हायवे. मग असं काय आहे? तर द्राक्षबागा, आणि बागांच्या छाटणीला पेठकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या. घरदार सोडून महिनोन्‌महिने बाहेर राहणारी माणसं. सगळीकडचा अनुभव असाच आहे, आणि आमच्या साहेबांनाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात गावात बागायतदारांची मीटिंग घेतोय. दसऱ्यानंतर टोळ्या उतरल्या की आमची गाडी मळ्यांवर येईल, माहिती देईल, तपासणी करील. मामांना एवढं सांग की मंगळूच्या टोळीची तपासणी आपल्याच मळ्यावरून सुरू करू द्या. मामांचं बघून बाकीचे नाही म्हणणार नाहीत.

तृप्ती कशी आहे? दाजींचा ट्रक सध्या कुठल्या मुलखात?

तुझी,
उज्वला

* * *

सायखेडा,
४ ऑक्टोबर २००४

चि. उज्वलास,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडून देतेय.

झाली तुझी मीटिंग. तुझे मामा गेले होते, त्यांनीच सांगितलं. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला, सायखेड्यावर हे एवढं लाल कुंकू. साहेब पुढं पुष्कळ बोलले म्हणे, चांगलंच बोलले, पण त्या कुंकवानंतर कुणी काही ऐकलंच नाही. चहाचे कप खाली ठेवायच्या आत कोंडाजीनं निकाल देऊन टाकला. "पेठवाल्यांनी रोग आनला. यंदा मंगळूची टोळी नको आपल्याला. कळवन तालुक्यातून मानसं आनू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुझे मामा गप्प बसले. घरी आल्यावर मी विचारलं, तुमच्या तोंडात काय गुळणी होती का? तर म्हणतात, "नकाशा सरकारी दिसत होता."

बाई गं, तुम्ही तपासायला येणार होता ना? गावानं तपासायच्या आधीच शिक्षा फर्मावली. मंगळू न् झुंबरबाई आमच्या बागेत यायला लागले तेव्हा तृप्ती परकर-पोलक्यात होती. झुंबरबाईच्या पाठुंगळी बसून तिनं अख्खी बाग पाहिली. ही माणसं आमच्या गावात रोग घेऊन आली हे तुला तिथं नाशकात बसून दिसलं, आणि मला इथं चुलीपुढून दिसलं नाही?

आता तू लिहिशील, "आत्या, जर असं झालं असेल तर, जर तसं झालं असेल तर." आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! मला जर-तर सांगू नको. मंगळूच्या लेकरांनी यंदा काय खायचं ते सांग.

बरं, आता गोड बातमी. तृप्ती आलीय बाळंतपणाला. सातवा चालू आहे, ओटी भरली, पौषात मोकळी होईल. जावईबापू ट्रकमधूनच तिला सोडून गेले आणि कांदा घेऊन कलकत्त्याला रवाना झाले. पोर जरा सुकलीय, पण पहिलटकरीण सुकतेच. गाव सध्या माहेरवाशिणींनी नुसतं फुललंय. मंगळवारी तिला घेऊन दवाखान्यात गेले तर बाकावर ओळीनं आपल्याच पोरी बसलेल्या. शकुबाईची धाकटी, कोंडाजीची पुतणी, सगळ्या. गावातली एक सून दिसली असेल तर शपथ. सुना गेल्या आपापल्या माहेरी. मला तर वाटलं मी दहा-बारा वर्षं मागं, शाळेच्या दारात उभी आहे.

राग धरू नको. मी धरलाय तेवढा पुरे आहे.

तुझी आत्या,
लंका

* * *

नाशिक,
१२ ऑक्टोबर २००४

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तरी सांगते, कोंडाजीकाका जे बोलले ते आमचं म्हणणं नव्हे. आम्ही टोळी बंद करा म्हटलं नाही, टोळीची काळजी घ्या म्हटलं. यात फरक आहे, आणि तो फरक साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितला होता.

आकडे मी बनवत नाही आत्या, ते येतात. तुला झुंबरबाईचा लळा आहे म्हणून आकडे बदलत नाहीत. तू रागावशील, पण मी तुझ्यासारखीच हट्टी आहे, त्याला मी काय करू? गुण घराण्यातलाच आहे.

तृप्तीच्या बातमीनं फार आनंद झाला. तिलाही मंगळवारी ती रक्ततपासणी करून घ्यायला सांग. घाबरायचं काही कारण नाही, सगळ्याच गरोदर बायांची करतात. मी ज्याला त्याला सांगत फिरते आणि घरचीला सांगायचं राहिलं असं नको व्हायला.

तुझी,
उज्वला

* * *

सायखेडा,
२० नोव्हेंबर २००४

चि. उज्वला,

पत्राला उशीर झाला. इकडे बरं आहे.

मंगळूची टोळी आली होती. गावाच्या फाट्यावरूनच परत पाठवली. कुठं गेले ठाऊक नाही.

तुझ्या कामाविषयी मला आता काही लिहू नको, विचारूही नको. दिवाळीचा फराळ मामांबरोबर पाठवलाय. चकल्या मऊ पडल्यात, माझं लक्ष नव्हतं.

आत्या

* * *

नाशिक,
१ डिसेंबर २००४

ती. आत्या,

एवढंसं पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. आशीर्वादसुद्धा दिला नाहीस. टोळी परत गेल्याचं वाचलं आणि तुझा राग समजला. मंगळूकाका गेले ते माझ्यामुळे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तू 'लिहू नको' म्हणालीस तरी लिहितेय. हे पत्र वाचून तुझा राग निम्मा तरी उतरेल.

तुझं आधीचं पत्र मी पुन्हा काढलं. तुझ्या शिव्या वाचायला नव्हे, तृप्तीची बाळंतपणाची तारीख बघायला. आणि त्यातल्या एका ओळीवर अडकले. बाकावर सगळ्या आपल्याच पोरी, गावातली सून एकही नाही.

आत्या, मी दुसऱ्या दिवशी थेट दवाखान्यात येऊन बसले. तुला भेटायला आले नाही, कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मंगळवारच होता. सिस्टर प्रत्येकीला विचारत होत्या, "नाव? वय? गाव?" आणि प्रत्येक पोर सांगत होती, "सायखेडा." माहेरी आलेली मुलगी आपलं गाव विचारल्यावर दुसरं काय सांगणार? मीही तेच सांगितलं असतं. सिस्टरनी ते लिहून घेतलं, आकडा माझ्याकडे आला, आणि मी ठिपका दिला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, एवढी साधी गोष्ट. मी त्याच रीतीत वाढले, तुझ्या हातचे डिंकाचे लाडू खाल्ले, आणि खुर्चीवर बसल्यावर तीच विसरले.

आणखी एक. टोळीतल्या बाया त्या बाकावर येतच नाहीत. त्यांची बाळंतपणं पेठलाच, पाड्यावर होतात. म्हणजे मी ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांच्या रक्ताचा एक थेंबसुद्धा त्या आकड्यात नव्हता.

साहेबांना सांगून मी एक प्रश्न वाढवून घेतला: सासर कुठलं? तपासून झालेल्या बायांनाही समुपदेशक ताईंनी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. माझ्याकडे नावं नाहीत, फक्त सासरची गावं आली. ज्यांच्यात लागण निघाली त्यांतल्या बहुतेकींचं सासर एकच, आत्या! हायवेच्या फाट्यावरची ट्रकवाल्यांची वस्ती. म्हणजे पोरी सायखेड्याच्या, पण रोग सायखेड्याचा नव्हे. वस्तीवर आमची गाडी कधी गेलीच नव्हती, कारण नकाशावर तिथे काही दिसतच नव्हतं. त्या वस्तीतल्या मुली बाळंतपणाला जिल्हाभर पांगतात आणि आकडेही त्यांच्याबरोबर पांगतात.

मी टेबलावर हात आपटून ओरडले. साहेब म्हणाले, पेढे आण. पुढच्या आठवड्यात गाडी वस्तीवर जाते. आता तरी हस.

तुझी,
उज्वला

* * *

सायखेडा,
८ डिसेंबर २००४

उज्वला,

तुझं पत्र वाचून मी हसले नाही. गोठ्यात जाऊन रडले, कारण घरात रडायची सोय नाही.

तुझ्या त्या नकाशावरचा एक ठिपका आमच्या माजघरात झोपलाय.

तू लिहिलंस तशी मी तृप्तीला तपासायला नेली. हसत हसत नेली. उज्वलाचं काम आहे म्हटलं, एक रक्त देऊन टाक तिच्या नावानं. पुढच्या मंगळवारी ताईंनी तिला आत बोलावलं, मग तृप्तीनं मला आत बोलावलं. ताई चांगली होती, हळू बोलत होती. मला फक्त तिच्या तोंडाची हालचाल दिसत होती. तृप्तीनं माझा हात धरला होता आणि मी तिचा, कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं.

तू म्हणशील, आत्यानं मला का नाही कळवलं. काय कळवू? ते आकडे तुझ्याकडेच जाणार होते. तुला लिहिलं असतं तर तू नकाशा बघताना म्हणाली असतीस, ही बघ ही तृप्ती. मला ते सोसवत नव्हतं.

आणि मंगळूचंही ऐक. टोळी फाट्यावर आली ती निकालाच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांना थांबवायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मनात आलं, कोंडाजी म्हणतो ते खरं तर नसेल? झुंबरबाईच्या पाठीवर वाढलेली माझी पोर, आणि माझ्या मनात हे आलं. तुला बोल लावायला निघाले होते ना, म्हणून तुला सांगते.

तृप्तीच्या सासरचा पत्ता तुला ठाऊकच आहे. हायवेच्या फाट्यावरची तीच वस्ती. आता मला सगळं कळलं. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही, तो आसामात आहे. तुझ्या मामांनाही सांगितलेलं नाही. ते रोज तिच्यासाठी शहाळं आणतात.

मला तुझे आकडे नकोत. एकच सांग. बाळाचं काय होईल? ती दिवसभर पोटावर हात ठेवून बसते आणि माझ्याकडे बघते. मी काय सांगू तिला? तू शिकलीस, तू हापिसात बसतेस, तू सांग. फोन करू नको.

आत्या

* * *

नाशिक,
१० डिसेंबर २००४

आत्या,

हे पत्र टपालानं नाही, मी स्वतः घेऊन येतेय. पण तुझ्यासमोर मला एक वाक्य नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहून आणतेय. तू आणि तृप्ती दोघींनी मिळून वाच, मी तोवर मामांशी बैठकीत बोलत बसेन.

बाळाला होईलच असं अजिबात नाही. औषध न देताही बहुतेक बाळं सुटतात. आणि आता औषध आहे. कळा सुरू झाल्या की तृप्तीला एक गोळी, आणि जन्मल्यावर बाळाला थोडं पातळ औषध. त्यानं धोका आणखी पुष्कळ कमी होतो. त्यासाठी बाळंतपण नाशिकला, मोठ्या सरकारी दवाखान्यात करायचं. तिथल्या डॉक्टरीण बाईंशी मी बोलले. त्यांनी कपाळाला आठी घातली नाही, "घेऊन या" एवढंच म्हणाल्या. तृप्ती आठवडाभर आधीच माझ्या खोलीवर येऊन राहील. गावाला सांग, बाळ आडवं आहे.

दुधाचं तिथे समजावून सांगतील. आईचं द्यायचं तर फक्त आईचं, वरचं द्यायचं तर फक्त वरचं, दोन्ही मिसळायचं नाही. तुमच्या घरी दूध आहे, पाणी उकळायला हात आहेत, त्यामुळे वरचं जमेल असं त्यांना वाटतं.

बाळाचा पक्का निकाल दीड वर्षानं लागतो. तोवर धीर धरायचा.

आणि तृप्ती, तू नकाशावरचा ठिपका नाहीस. तू माझी आतेबहीण आहेस. त्या वस्तीबद्दल लिहिताना तुझं सासर तेच आहे हे मला आठवलंसुद्धा नाही, याची लाज वाटते. आत्याला सांग, मी ते पत्र ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून वाचलं.

उज्वला

* * *

सायखेडा,
९ फेब्रुवारी २००५

चि. उज्वलास,

हात न आखडता आशीर्वाद.

तृप्ती आणि छकुली घरी येऊन आता महिना होईल. पोर लोण्याच्या गोळ्यासारखी झालीय. तू तिला औषध देताना पाहिलंस तेव्हा केवढीशी होती, आता वाटी-चमच्यानं दूध पाजताना चमचाच चावते. दात नाहीत तरी रुबाब आहे.

दुधाचं मात्र महाभारत झालं. बाळाला वरचं दूध का, म्हणून आळी लोटली. मी सांगितलं, तृप्तीला दूध उतरत नाही. झालं! शकुबाई अळिवाची खीर घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी कुणी शेपूची भाजी, कुणी खसखस, कुणी बाजरीची पेज, कुणी डिंकाचे लाडू. एकीनं तर त्र्यंबकेश्वरचा अंगारा आणला. उज्वला, पोरीला दूध एवढं उतरलं होतं की पदर भिजायचा, आणि ती बिचारी खोलीत बसून फडकं घट्ट बांधायची आणि बाहेर आम्ही अळीव खायचो. मी चार वाट्या खीर खाल्ली. या वयात मलाच पान्हा फुटतो की काय असं वाटलं. तृप्ती मला बघून पहिल्यांदा हसली, किती महिन्यांनी. मग हसता हसता रडली. मीही.

तुझ्या मामांना सांगितलं. मला वाटलं आभाळ कोसळेल. त्यांनी फक्त विचारलं, "मग शहाळं चालतं ना तिला?" आणि उठून आणायला गेले.

जावई आले. तुमची गाडी वस्तीवर पोचली होती, त्यांनी स्वतःचं तपासून घेतलं होतं. ओट्यावर बसले, आत येईनात. मी बाहेर जाऊन अशा शेलक्या शिव्या दिल्या की आमची म्हैस उभी राहिली. सगळ्या ऐकून घेतल्या त्यांनी, मान वर केली नाही. म्हणाले, "मामी, आमच्या वस्तीत हे आम्हाला कुनी सांगितलंच नव्हतं. ट्रकवाल्याला लोक नुसता रस्ता इचारत्यात." मी उठून आत गेले. मग ताट वाढलं. बाळाला घेऊ का म्हणाले तर तृप्तीनं त्यांच्या मांडीवर दिलं. तिनं माफ केलं की नाही मला ठाऊक नाही, मी विचारत नाही. पण रोज ती त्यांच्या फोनची वाट बघते.

आता तुझ्या दुसऱ्या मीटिंगचं. तू स्वतः उभी राहून नवा नकाशा समजावलास, चूक कुठं झाली ते सांगितलंस, मी मागं बायांत बसून ऐकत होते. छाती फुगली. आणि त्यावर कोंडाजी काय म्हणाला, तुझ्या लक्षात असेलच. "मंग असं करू, पोरींना बाळंतपनाला आनूच नका. तिकडंच तपासा म्हनावं." पाहिलंस! तू काहीही दाखव, त्याला कुणाला तरी फाट्यावरून परत पाठवायचंच असतं.

मी त्या वेळी उठले, ते मला उठावंच लागलं. तू घाबरलीस ना, आत्या सगळं सांगून टाकते की काय म्हणून? मीही घाबरले होते. पण मी एवढंच म्हणाले की, कोंडाजीभाऊ, पोरी माहेरी आल्या म्हणून तपासल्या गेल्या. सासरी राहिल्या असत्या तर त्यांना कुणी दवाखान्याच्या बाकावर नेलंच नसतं. ज्या रीतीनं नकाशा चुकला त्याच रीतीनं लेकरं वाचली. आमच्या पोरी येणार, आणि या वर्षी जास्त येणार.

शकुबाईनं टाळी वाजवली. तिला काही कळलं होतं की नाही कोण जाणे. अळिवाची खीर मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाली.

बारसं केलेलं नाही. बारावा दिवस टाळला. लोकांना सांगते, जावई गाडीवर आहेत. खरं तुला सांगते, निकालाआधी नाव ठेवायला माझा जीव धजत नाही. छकुली म्हणतो, चालतंय.

तुझी आत्या,
लंका

* * *

नाशिक,
१८ सप्टेंबर २००५

ती. आत्या,

नमस्कार, या वेळी वाकून. कुबडाचं राहू दे.

वस्तीवरचं काम आता बऱ्यापैकी चालतं. पंक्चरच्या दुकानात आणि चहाच्या टपरीत निरोधाच्या पेट्या ठेवल्यात, आणि त्या रिकाम्या होतात. आधी आमची गाडी दिसली की ड्रायव्हर लोक ट्रकखाली घुसायचे. आता दाजी पुढे असतात. ते भाषण देत नाहीत. चहा मागवतात आणि म्हणतात, "मी तपासून आलो, जिवंत हाय, आता तुमी जा." लोक जातात. त्यांच्या बायकाही येऊ लागल्यात, माहेरी जाण्याआधीच.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आकड्याबरोबर आता दोन गावं येतात, माहेरचं आणि सासरचं. साहेब पाहुण्यांना सांगतात, ही आमच्या उज्वलाची सूचना. मी म्हणते, माझ्या आत्याची. त्यांना तो माझा विनय वाटतो.

तृप्तीच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजल्या. चांगल्या आहेत. गोळ्या इतक्यात लागणार नाहीत, आणि लागल्या तर आता सरकारी दवाखान्यात मिळू लागल्यात. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, नीट जेवली, वेळेवर आली तर पोरीच्या लग्नात नाचेल.

पण एक राहिलंय, आणि ते मला टोचतं. पुन्हा दसरा येतोय. मंगळूकाकांना कुणी बोलावलं का?

तुझी,
उज्वला

* * *

सायखेडा,
५ ऑक्टोबर २००५

चि. उज्वलास,

आशीर्वाद. तुझं पत्र येण्याआधीच मी तुझ्या मामांना म्हटलं होतं, चला पेठला. ते म्हणाले, निरोप धाडू. मी म्हटलं, परत पाठवलं तेव्हा तोंडानं पाठवलं, आता बोलवायचं तर पायानं जायचं. एसटीनं गेलो. काय तो घाट! मला दोनदा उलटी झाली.

मंगळूचा पाडा डोंगराच्या कुशीत, भात पोटऱ्यात आलेलं. झुंबरबाई अंगणात नागली पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. मी जाऊन तिच्याजवळ खालीच बसले. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, झुंबरबाई, गावाचं चुकलं, आणि त्या दिवशी मी दारातून परत फिरले, माझंही चुकलं.

तिनं सूप पुन्हा उचललं, दोनदा झटकलं. मग म्हणाली, "रगत काढायचा तं काढा. आमाला त्याचा भ्या नाय. पन आदी इचारा तं खरा." एवढंच. मग आत जाऊन नागलीची भाकर न् कालवणाला उडदाचं भुजं आणलं. गेल्या हंगामात त्यांना दुसऱ्या गावात काम मिळालं होतं, उपाशी राहिले नाहीत. हे ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला.

तृप्तीचं मी तिला सांगितलं. मामांनंतर तीच एक. ऐकून तिनं डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "पोर कोनासारखी हाय?" मी म्हटलं, तुझ्यासारखी, सारखी कडेवर मागते.

टोळी दसऱ्यानंतर येतेय. तुमची गाडी पाठवायची तर पाठव, पण आधी विचार. तिनं सांगितलंय.

कोंडाजीनं कळवणची माणसं आणली होती, त्यांनी त्याची बाग अशी छाटली की यंदा घड शोधावे लागले. मी काही बोलले नाही. फक्त त्याच्या बांधावरून जरा हळू चालत गेले.

तुझी आत्या,
लंका

* * *

सायखेडा,
२२ जुलै २००६

चि. उज्वलास,

तू काल दवाखान्यात आमच्याबरोबर होतीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण तिथं मला बोलता आलं नाही. ताईंनी कागद पुढं केला, "निगेटिव्ह आहे" म्हणाल्या, आणि मी पुन्हा विचारलं, "म्हणजे वाईट का?" इतके दिवस तू शिकवलंस आणि ऐन वेळी मी सगळं विसरले. तू माझे खांदे हलवून ओरडलीस, "नाही गं आत्या, चांगलं, चांगलं!" सगळा दवाखाना बघत होता. तृप्ती तर खालीच बसली, फरशीवर, पोरीला घट्ट धरून. पोर वैतागून "सोड, सोड" करत होती. जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. एवढा धिप्पाड गडी, खांदे गदगदत होते.

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. आल्यावर देवापुढं दिवा लावला, मग चूल पेटवली आणि पुरण घातलं. सगळं कळलेलं असूनही तुझे मामा म्हणाले, आज कसला सण? म्हटलं, विचारू नका, वेलची सोला. ते वेलची सोलत बसले, मग टरफलं ठेवली आणि दाणे फेकून दिले. त्यांचंही ध्यान नव्हतं. रात्री किती दिवसांनी मी कूस न बदलता झोपले.

तृप्तीचं दुखणं राहणार, ते मला कळतं. मी अडाणी नाही. पण तिच्याकडे बघून आता माझं पोट तुटत नाही. ती वस्तीवर परत राहायला जाते म्हणते. तिथल्या पहिलटकरणींना दवाखान्यात नेणारी कुणी बाई हवी आहे ना तुम्हाला? तिनं तुला विचारायला सांगितलंय. मी म्हटलं, तूच विचार, तर म्हणते, "तूच लिही, तुझ्या पत्राला ती घाबरते."

आता मुख्य. पुढच्या रविवारी बारसं करतेय. पोर स्वतः चालत पाळण्याशी येईल आणि स्वतःच चढून बसेल, असं बारसं गावानं पाहिलेलं नाही. लोक हसतील, हसू देत. झुंबरबाई पेठहून येणार आहे, पाळणा तीच हलवणार. तृप्तीच्या नणंदेला बोलावलं होतं. हे सगळं कळल्यापासून ती उंबरठा चढत नाही, या वेळीही नाही म्हणाली. नाव आत्यानं ठेवायचं असतं आणि आत्याची जागा रिकामी आहे.

तू नात्यानं तिची मावशी लागतेस. पण मीही आत्याच आहे, ही जागा कुणाला द्यायची ते मला कळतं. कुणी विचारलंच तर सांगेन, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, आमच्याकडं मावशीलाच आत्या म्हणतात.

नाव कुठलं ठेवायचं ते तू आणि तृप्ती ठरवा. दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर आजवर 'तृप्तीचं बाळ' एवढंच लिहिलं. छकुली म्हणून हाक मारली तरी आता ती बघत नाही, गाल फुगवते. पोरीला नाव हवंय, उज्वला. आता ठेवायला हरकत नाही. ये.

तुझी आत्या,
लंका